परतफेडीची फळी



या पत्रिकेत माझा लेख दिसला म्हणजे त्यात बेणेप्रक्रिया, हुमणी किंवा खोडव्यातले पाचट यांपैकी काहीतरी असणार, हे आपणांस आता पाठ झाले आहे. आज विषय निराळा आहे. आज मी टेबल टेनिसवर लिहिणार आहे. ‘ऊस विकास अधिकाऱ्याला हे काय सुचलं?’ असे म्हणून पान उलटू नका. विषय आपल्या पोरांचा आहे, आणि त्यातही ज्यांच्या वाट्याला कधी पाळी येत नाही त्यांचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात, गाळप संपल्यावर, साखर संघाच्या कामासाठी नरिमन पॉइंटच्या साखर भवनात जाणे झाले. मुक्काम नेहमीप्रमाणे मुलुंडला, धाकट्या बहिणीकडे. संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून अंग सोडवीत इमारतीत शिरलो तो तळमजल्यावरून टक-टक, टक-टक असा आवाज. सोसायटीची एक खोली आहे. त्यात सभा होतात, गणपती बसतो, आणि एरवी टेबल टेनिसचे टेबल असते. आत पाहतो तर माझी तेरा वर्षांची भाची एकटीच खेळते आहे. समोर माणूस नाही. टेबलाचा पलीकडचा अर्धा भाग दुमडून उभा केलेला, आणि त्यावर प्लायवुडची एक फळी बांधलेली. ही मारते, फळी परत पाठवते. पुन्हा ही मारते, पुन्हा फळी पाठवते.

मी हाक मारली. ती म्हणाली, “मामा, थांब ना, मोडू नकोस. ब्याऐंशी झाले.”

शंभर पुरे झाल्यावर तिने बॅट खाली ठेवली. मी विचारले, “अगं, तुझ्या जोडीला कुणी नाही का?”

“आहे. पण ती सातला क्लासहून येते. तोवर मी काय करू?”

हे ‘तोवर मी काय करू’ माझ्या डोक्यात बसले. मुलुंड घ्या, घाटकोपर घ्या, अंधेरी-बोरिवली घ्या, उपनगरात मुलाला मैदान नाही, आणि मुलाच्या जोडीदाराला वेळ नाही. शाळा, क्लास, लोकल यात दिवस संपतो. अंधेरीला शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे, पार्ल्याला प्रबोधनकार ठाकरे क्रीडासंकुल आहे, मुलुंडला प्रियदर्शिनी आहे. मोठ्या सोयी आहेत. पण रोज तिथवर जायचे तर जाण्यायेण्यातच निम्मी संध्याकाळ जाते. म्हणून माझ्या मेहुण्यांनी सुताराकडून एक फळी करून घेतली. खेळाडू तिला रिबाउंड बोर्ड किंवा रिटर्न बोर्ड म्हणतात. मी तिला परतफेडीची फळी म्हणतो. विकास सोसायटीच्या कर्जाशी आपला जन्माचा संबंध असल्यामुळे हा शब्द कोणाला समजावून सांगायला नको.

आता माझी गोष्ट सांगतो. कृषी पदविकेला असताना आमच्या वसतिगृहात एक टेबल होते. नियम एकच : जिंकेल तो टेबलावर राहील, हरेल तो खाली बसेल. त्या वेळी डाव २१ गुणांचा असे, ११ गुणांचा २००१ साली झाला. म्हणजे एक डाव संपायला वेळ लागायचा, आणि भिंतीला पाठ लावून आम्ही दहा-बारा जण वाट पाहत बसायचो. पाळी आली की समोर वरच्या वर्षाचा तरबेज गडी. तो पाच मिनिटांत आमचा निकाल लावायचा आणि आम्ही पुन्हा भिंतीशी. ज्याला खेळता येते त्याला आणखी खेळायला मिळायचे, ज्याला येत नाही त्याला शिकायलाही मिळायचे नाही. शेवटी मी बॅट सोडून दिली ती दिलीच. त्या नियमात काही अन्याय आहे असे तेव्हा मला वाटले नाही. आपल्याला जमत नाही, एवढेच वाटले.

तीच गोष्ट वीस वर्षांनी माझ्या घरी झाली. आमच्या जवळच एका ठिकाणी करमणुकीच्या हॉलमध्ये चांगले टेबल आहे. ठिकाणाचे नाव लिहीत नाही. माझी मुलगी सातवीत असताना तिथे दोन-तीन दिवस गेली आणि मग जायची थांबली. विचारले तर म्हणाली, “बाबा, मोठी मुलं टेबल सोडतच नाहीत.” मी काय करायला हवे होते? त्या हॉलवर जाऊन चार शब्द बोलायला हवे होते. पण हंगामाची धामधूम होती, तोडणीच्या तारखांवरून रोज भांडणे चालली होती. मी म्हणालो, “जाऊ दे गं, दुसरं काहीतरी खेळ.” मुलुंडच्या त्या खोलीत उभा असताना मला हे माझेच वाक्य आठवले आणि लाज वाटली.

म्हणून माझे म्हणणे असे : गावात, गटात, वसाहतीत टेबल टेनिस आणायचे तर टेबलाच्या आधी फळी आणा. टेबल आले की ते चार दांडग्या खेळाडूंचे होते. फळीशी जिंकणे-हरणे नसते, त्यामुळे ‘जिंकेल तो राहील’ हा नियम तिला लागू पडत नाही. तिच्यापुढे नवखा, बुजरा, मुलगी, वस्तीवरचा एकटा पोरगा, कोणीही उभा राहू शकतो.

आता ही फळी करायची कशी ते सांगतो, कारण नुसता उपदेश करणे माझ्या खात्यात बसत नाही. प्लायवुडचा पत्रा बाजारात ८ फूट बाय ४ फूट मिळतो. तो मधोमध कापला की ४ फूट बाय ४ फुटांच्या दोन फळ्या होतात, म्हणजे एका पत्र्यात दोन गटांचे काम. जाडी पाऊण इंच तरी हवी, पातळ फळी थरथरते आणि चेंडूचा जोर खाऊन टाकते. पुढची बाजू सपाट आणि गुळगुळीत हवी. मागे लाकडी चौकट आणि दोन तिरके टेकू द्यावेत, आणि टेकूंवर खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून ठेवावी, म्हणजे फळी सरकत नाही. फळीच्या पाठीला जुने गोणपाट ठोकले की आवाज बराच दबतो. मुलुंडला हे फार महत्त्वाचे ठरले, कारण वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दुपारच्या झोपेबद्दल तक्रार केली होती आणि सोसायटीने दुपारी दोन ते चार खेळ बंद असा ठरावच केला होता. सहकार म्हटला की ठराव आलाच.

फळीसमोर टेबल हवे, पण अर्धेच पुरते. पूर्ण टेबल ९ फूट बाय ५ फूट आणि जमिनीपासून अडीच फूट उंच असते. मधली जाळी ६ इंच उंच. अर्ध्या टेबलाला म्हणजे साडेचार फूट बाय ५ फूट जागा लागते. जाळीच्या जागी फळी उभी करायची, आणि टेबलापासून ६ इंचांवर फळीवर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढायची. चेंडू त्या रेघेच्या वर लागला तर तो जाळीवरून गेला असे समजायचे. टेबलाचा पृष्ठभाग नीट आहे की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. चांगल्या टेबलावर ३० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला चेंडू २३ सेंटिमीटरच्या आसपास उसळतो. शाळेच्या पट्टीने हे कोणालाही मोजता येते. मात्र जागा बंदिस्त हवी. या चेंडूचे वजन जेमतेम २.७ ग्रॅम असते, आपल्या माळावरच्या वाऱ्यात तो बॅटकडे येण्याऐवजी बांधापलीकडे जाईल.

फळी उभी करताना एक चूक सगळे करतात. मीही केली. फळी अगदी सरळ, ओळंब्यात उभी केली तर परत येणारा चेंडू उंच उडतो आणि डोक्यावरून जातो. फळीचा माथा खेळणाऱ्याकडे थोडा झुकलेला हवा. किती, ते खेळून पाहूनच ठरते. म्हणून टेकूला दोन-तीन खाचा ठेवाव्यात. नुकते शिकणाऱ्यासाठी एक खाच, जोरात मारणाऱ्यासाठी दुसरी.

दुसरी गोष्ट फळीच्या पृष्ठभागाची. इथे मुंबईचाच एक जुना प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडात ही स्पर्धा त्याआधी कधी झाली नव्हती. त्या वेळी बहुतेक सगळे खेळाडू दाणेदार रबराच्या बॅटने खेळत आणि चेंडू बॅटला लागला की टक असा आवाज येई. त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज यायचा. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. त्या बॅटचा आवाजच येत नसे आणि चेंडू भलताच वेगाने सुटे. मोठमोठे खेळाडू गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. तोवर बॅटच्या अंगावर काय लावले आहे याला कोणी फारसे महत्त्व दिले नव्हते. मुंबईतल्या त्या स्पर्धेने ते सगळ्यांना शिकवले.

फळीचेही तसेच आहे. कोऱ्या, गुळगुळीत प्लायवुडवर फिरकी फारशी धरली जात नाही. खेळाडू ज्याला टॉपस्पिन म्हणतात ती पुढची फिरकी देऊन तुम्ही चेंडू मारला, तर फळीवर तिची बरीचशी ताकद मरते आणि चेंडू जवळजवळ मेलेला किंवा थोडा मागच्या फिरकीचा होऊन येतो. फळीला बॅटचे रबर चिकटवले तर गोष्ट बदलते. रबर चेंडूला पकडते आणि तुमची फिरकी तुमच्यावरच उलटवते. चेंडू फळीला लागताच वर उसळतो आणि टेबलावर टप्पा पडला की अंगावर येतो. थोडक्यात, कोरी फळी मुद्दल परत करते, रबराची फळी व्याजासकट वसूल करते. माझ्या मेहुण्यांनी ओळखीच्या खेळाडूंकडून टाकून दिलेली जुनी रबरे गोळा केली. एक रबर साधारण ६ इंच चौरस धरले तर ४ फूट लांब आणि दीड फूट उंच पट्टा झाकायला २४ तुकडे लागतात. आपल्याकडे इतकी रबरे मिळणार नाहीत. मिळू नयेत तेच बरे. शिकणाऱ्याने पहिले वर्ष कोऱ्या फळीवर काढावे, व्याज नंतर.

मुंबईहून आल्यावर मी घरामागच्या खोलीत अशी फळी उभी केली. अर्धे टेबलही सुताराकडून प्लायवुडचेच करून घेतले. पहिल्या दिवशी मुलीचे सलग सात चेंडू झाले. माझे चार. तिने हसून घेतले. मग रोज शाळेतून आली की अर्धा तास. कोणाची वाट पाहणे नाही, कोणाकडे पाळी मागणे नाही. दिवाळीपर्यंत तिचे शंभर होऊ लागले. आधी ती चेंडू आला की बॅट फिरवायची, आता चेंडू येण्याआधी तिचे पाय जागेवर असतात. हा फरक माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसला.

आता फळीची बाजू घेतली तशी तिची उणी बाजूही सांगितली पाहिजे. नव्या वाणाची नुसती तारीफ करून, तो कोणत्या जमिनीत येत नाही हे न सांगणारा अधिकारी तुम्हीही ओळखता. जानेवारीत मुलगी तालुक्याला एका स्पर्धेत गेली आणि पहिल्याच सामन्यात हरली. समोरची मुलगी काही फार चांगली नव्हती. पण तिची सर्व्हिस हिला घेता येईना. कारण फळी सर्व्हिस करीत नाही. फळी डोळ्याने एक दाखवून हाताने दुसरे करीत नाही. फळी जे मिळाले तेच परत देते, आणि तेही फार लवकर देते, कारण अर्ध्या टेबलावर चेंडूला अंतरच कमी असते. त्यामुळे घाईने, आखूड फटके मारायची सवय लागते. यावर उपाय आहे. ताकद कमी करून, हात पूर्ण फिरवून मारायचे आणि मोजायचे. अधूनमधून फळी पूर्ण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची. पण माणसाशी खेळण्याला पर्याय नाही, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

मात्र घरी परत येताना गाडीत ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही. म्हणाली, “बाबा, तिचे चेंडू परत येत होते ते मला सगळे मारता आले. फक्त सर्व्हिस शिकायचीय.” म्हणजे काय येत नाही ते तिला नेमके कळले होते. मला वसतिगृहात ते कधीच कळले नाही. ‘मला जमत नाही’ आणि ‘मला सर्व्हिस शिकायची आहे’ यांत फार अंतर आहे. दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा त्या हॉलवर गेली, आणि या वेळी मीही बरोबर गेलो. मोठ्या मुलांनी तिला एक डाव दिला. ती हरली, पण ११-७ अशी. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावले.

आपल्या राज्यातल्या मुलींना हा खेळ येत नाही असे कोणी म्हणू नये. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सिंगापूरला हरवून सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या. पुरुषांच्या संघानेही त्याच स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि त्यात मुंबईचा सनिल शेट्टी होता. त्याआधीच्या पिढीत मुंबईचा कमलेश मेहता आठ वेळा राष्ट्रीय विजेता झाला. ठाणे, मुंबई, पुणे. या यादीत ऊसपट्ट्यातला तालुका कधी येणार? आपली पोरं कमी चपळ आहेत असे मला वाटत नाही. त्यांना पाळी मिळत नाही.

काही सभासद विचारतील, बिलाचा हप्ता वेळेवर द्या, खेळाचे नंतर बघू. रास्त आहे. पण मी कारखान्याकडे नवे क्रीडासंकुल मागत नाही. टेबल आणि फळी यांच्या किमतीत ट्रॅक्टर आणि विळ्याइतके अंतर आहे. माझ्या सूचना एवढ्याच :

एक, प्रत्येक गट कार्यालयात खताच्या गोदामाशेजारी एखादी खोली उन्हाळ्यात मोकळी असते. तिथे एक फळी आणि एक अर्धे टेबल ठेवावे. लाकूडकाम कारखान्याच्या सुतारशाळेत होऊ शकेल.

दोन, किल्ली शिपायाच्या खिशात नसावी. गावातल्या शाळेच्या एका शिक्षकाकडे आणि एका पालकाकडे असावी. कुलूपबंद खेळाचा उपयोग फक्त वार्षिक अहवालाला होतो.

तीन, रोजचा एक तास मुलींचा असावा आणि तो फलकावर लिहिलेला असावा. तोंडी ठरलेले टिकत नाही, हे ऊसतोडीच्या तारखांवरून आपण सगळे जाणतो.

चार, हंगामात तोडणी टोळ्यांबरोबर आलेली मुले साखरशाळेत असतात. एक फळी तिथेही द्यावी. आईबाप पहाटेपासून फडात, पोर कोपीवर. त्या पोराइतके एकटे दुसरे कोण असते? सहा महिन्यांनी ते गाव बदलणार, जोडीदार बदलणार. पुढच्या गावाला फळी असेल तर त्याचा सराव तुटणार नाही.

पाच, फळी हे शेवट नव्हे. महिन्यातून एकदा सगळ्या गटांतली फळीवरची मुले वसाहतीच्या टेबलावर एकत्र आणावीत, आणि त्या दिवशी ‘जिंकेल तो राहील’ हा नियम बंद ठेवावा. प्रत्येकाला सारखे डाव.

एक गोष्ट तुम्ही दरवर्षी माझ्याकडून ऐकता. लागणीनंतर महिन्याभरात शेतात फिरा, जिथे कोंब आला नाही तिथे नांग्या भरा. उगवले त्यालाच पाणी घालत राहिले तर सरीतली मोकळी जागा मोकळीच राहते, आणि वजन तिथेच घटते. तुम्ही नांग्या भरता, म्हणून तुमचा उतारा टिकतो. गावातल्या पोरांमध्येही अशा नांग्या असतात. त्या टेबलाजवळ दिसत नाहीत. त्या भिंतीशी बसलेल्या असतात, किंवा दोन दिवस येऊन घरी परत गेलेल्या असतात.

येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी ज्या गटांना फळी हवी असेल त्यांनी शेतकी विभागात नाव द्यावे. माप, चौकटीचा नकाशा आणि टेकूच्या खाचा यांचा कागद मी तयार ठेवला आहे. आमच्या घरची फळी पाहायला यायचे असेल तर संध्याकाळी सहानंतर यावे. आवाजावरून घर सापडेल. फक्त दारात थोडे थांबावे, मोजणी चालू असेल.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी